कलिंगडाच्या रोपांवर तीन वाकळा

निरवांगीच्या हिंदुराव अप्पांच्या घरात सुनेला कशाची म्हणून ददात नव्हती. ही गोष्ट सुनेच्या ध्यानात राहते की नाही अशी शंका घरातल्यांना सारखी यायची, म्हणून दिवसातून दोनदा तरी तिला ती सांगितली जायची. सुप्रिया खिडकीत उभी राहून जरा बाहेर बघू लागली, की सासूबाई सिंधुबाई विचारायच्या, "काय गं, तुला काय कमी हाय?" जेवताना ती गप्प राहिली, की अप्पा हातातला घास ताटात ठेवून म्हणायचे, "कुणी काय बोललं का? हितं तुला काय कमी हाय?" ती 'काही नाही' म्हणायची आणि मग अप्पांना घास गोड लागायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक अविराज चार दिवसांच्या तापात गेला. सुप्रिया तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, लेक राजनंदिनी चार वर्षांची. दहाव्याला अप्पांनी सगळ्या भावकीसमोर रडत रडत सांगितलं, "ही आता सून न्हाय, लेक हाय माझी. हिला काडी उचलू द्यायचो न्हाय." टिकली पुसायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांना सिंधुबाईंनी दारातूनच परत लावलं. गावानं कौतुक केलं आणि ते खोटं नव्हतं. माणसं खरंच चांगली होती, आणि सुप्रियाची पंचाईत तिथंच होती. वाईट माणसांशी निदान भांडता तरी येतं. चांगल्या माणसानं हातातली कळशी काढून घेतली, तर त्याला काय बोलणार?

काडी उचलू द्यायची नाही म्हणजे अगदी नाहीच. झाडू घेतला की सिंधुबाई तो ओढून घ्यायच्या. बारामतीहून दोऱ्याची दोन रिळं आणायची म्हटली तरी सोबत लागायची. सोबतीला अप्पा, आणि अप्पांना एसटीत मळमळतं म्हणून अप्पांच्या सोबतीला सिंधुबाई. बायकांना अर्धं तिकीट, म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट, तेव्हा तिघांची मिळून दीड तिकिटं व्हायची. त्या गाडीचा कंडक्टर तर न विचारताच "तीन हाफ, बारामती" म्हणून मोकळा व्हायचा. तिथं दुकानात अप्पा रंग पसंत करायचे, सिंधुबाई घासाघीस करायच्या, आणि पिशवी कोणी धरायची यावर दोघांची जुंपायची. सुप्रिया बाजूला उभी राहून पंखा बघायची.

हेही तिनं हसून काढलं असतं. पण रस्त्याकडेची नर्सरी तिच्या मनातून जात नव्हती.

गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून त्यांचं अर्ध्या एकराचं शेड होतं. वर हिरवी जाळी, फाटकावर पाटी: 'अविराज हायटेक नर्सरी'. शेतकरी बियाणं आणून द्यायचे आणि त्याची रोपं तयार करून घेऊन जायचे. मिरची, टोमॅटो, कलिंगड. पाटीवर नाव अविराजचं, फोनवर आवाज अविराजचा, हात मात्र सुप्रियाचा. बी किती खोल टोचायचं, पाणी कधी तोडायचं, हे तिला बोटांनी कळायचं. अविराज ते जाणून होता. गिऱ्हाइकांना तो हसत सांगायचा, "मी नुसता लाऊडस्पीकर हाय." लोकांना वाटायचं, पोरगा किती नम्र आहे. तो गेला तेव्हा गावानं आणि घरानं मिळून धरून चाललं की नर्सरीही त्याच्याबरोबर गेली.

त्या जागेवर आता अप्पांचे चुलतभाऊ बापूसाहेब यांचा डोळा होता. त्यांना मिसळीचं हॉटेल काढायचं होतं. "पाइप आयते उभे हायेत, अप्पा. वर पत्रा टाकला की झालं. आन् पाटीवर नाव आपल्या पोराचंच ठिवू. अविराज मिसळ हाऊस." मुलाचं नाव रस्त्यावर राहणार हे ऐकून अप्पांना भरून आलं. त्यांनी "इचार करू" असं सांगितलं. संक्रांत झाली की बापूसाहेब टेप घेऊन जागा मोजायला येणार होते.

सुप्रियानं अप्पांना तीनदा विचारलं, "नर्सरी मी चालवू का?" तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. "दहा गावचे गडी येणार, रस्त्यावर बसायचं, चिखलात हात घालायचे. कशापायी? तुला काय कमी हाय?"

चौथ्यांदा तिला विचारावं लागलं नाही. जानेवारी लागला आणि वरकुट्याच्या द्वारकाबाई आल्या.

द्वारकाबाई साठीच्या. नवऱ्यामागं वीस वर्षं एकटीच्या हिमतीवर शेती केलेली, त्यामुळे कुणाच्या ओसरीवर बसताना पदर सावरण्यापलीकडं काही सावरत नसत. चहाचा कप हातात येताच त्या म्हणाल्या, "हिंदुराव, एकरभर कलिंगड लावायचंय. सहा हजार रोपं करून द्या. बी आणलंय."

"नर्सरी बंद हाय, द्वारकाबाई," अप्पा म्हणाले. "पोरगा गेला. करणार कोण?"

"पोराकडनं नगंच हायेत मला. मागल्या खेपंला तुमचा पोरगा गाडीला टेकून फोनवर बोलत हुता, देव त्याचं भलं करो. आन् ही पोरगी कागदाखाली हात घालून ऊब बघत हुती. मी डोळ्यानं बघितलंय. मला हिच्या हातची पायजेत."

अप्पांनी सिंधुबाईंकडं पाहिलं. सिंधुबाईंनी चहाच्या किटलीकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून सुप्रिया म्हणाली, "करते मी."

दारात आलेल्या माणसासमोर घरातल्या बाईला नाही म्हणणं अप्पांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि जणू आपल्याच डोक्यातून निघाल्यासारखं म्हणाले, "बरं. येवढी एक खेप करा. पर मी सोता बसणार तितं."

द्वारकाबाई गेल्यावर त्यांनी सुनेला समोर बसवून सगळं ठरवून टाकलं. "खेप चांगली निघाली तर शेड तुझं. तू आन् तुझी नर्सरी, मी मधी पडायचो न्हाय. बिघडली तर बापूसाहेबाला हो म्हणायचं, आन् पुन्यांदा ह्यो इषय काढायचा न्हाय. कबूल?"

"कबूल," सुप्रिया म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून अप्पा बसू लागले. अप्पांना ऊस कळायचा. त्यातलं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अडचण एवढीच, की उसाला जे चालतं ते जगात सगळ्यालाच चालतं असं त्यांचं मत होतं. शिवाय सुनेला काडी उचलू न द्यायचा शब्द ते विसरले नव्हते. सुप्रियानं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेला ट्रे उचलला की ते खुर्चीतून उठायचे. "ठिव, ठिव. मी घेतो." असे त्यांनी अकरा ट्रे नेले आणि संध्याकाळी सिंधुबाईंकडून पाठीला तेल चोळून घेतलं. मग मात्र त्यांनी उठायचं सोडलं. नुसतंच "जपून, जपून" म्हणत राहिले.

सोमवारी बी टोचून झालं. बासष्ट ट्रे, ट्रेच्या प्रत्येक कप्प्यात एक बी. सुप्रियानं ते एकावर एक रचून त्यांची थप्पी केली आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळली. थंडीत बी उगवायला अशी कोंडून धरलेली ऊब लागते. पण कलिंगडाचं बी उतावळं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब मान वर काढतो, आणि त्याच दिवशी कागद काढून ट्रे उजेडात मांडावे लागतात. तिथं एक दिवस चुकला की खेप गेली.

बुधवारी संध्याकाळी बारामतीहून तिची आई प्रयागबाई हिचा फोन आला. बीपी फार वाढलंय, डोकं गरगरतंय, ताबडतोब ये. सकाळी भाऊ ऋषिराज गाडी घेऊन येतोय. भाऊ ही सोबत मान्य असल्यामुळं घरातून हरकत आली नाही. राजनंदिनी शाळेसाठी आजीजवळ राहिली.

गुरुवारी सकाळी निघण्याआधी सुप्रिया नर्सरीत गेली. कागदाखाली हात घातला. आत चांगली ऊब होती, पण कोकोपीट अजून चिरलं नव्हतं. आणखी दोन-तीन तास हवे होते. तिनं अप्पांना बोलावून दाखवलं.

"उन्हं वर आली, दहा वाजले, की कागद काढा आणि सगळे ट्रे जाळीखाली सुटे मांडा. कोंबाला आता उजेड लागणार. अंधारात राहिला तर उजेड हुडकत नुसता लांबत जातो."

"बरं."

"दहा वाजता. विसरू नका."

"उसात हयात गेली माझी," अप्पा म्हणाले. "माझ्यावर सोड."

बारामतीत पोचल्यावर दार उघडलं ते आईनंच. बीपी वाढलेली आई पोह्यांसाठी कांदा चिरत होती आणि पलंगावर सुप्रियासाठी इस्त्री केलेली मोतिया रंगाची साडी ठेवली होती. सुप्रियानं साडीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. ऋषिराज गाडी पुसायला म्हणून खाली निघून गेला.

"नुसतं बघून तर घे," प्रयागबाई म्हणाल्या. "माणूस लाखात एक हाय. पतपेढीत नोकरी, सोताचा फ्लॅट. पोरीसकट करून घ्यायला तयार हाय."

माणूस खरंच वाईट नव्हता. नीट भांग पाडून आलेला, पोहे न सांडता खाणारा. घटस्फोट झालेला, ते त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं. मग त्यानं बशी खाली ठेवली आणि खास राखून ठेवलेलं वाक्य बोलला. "आमच्याकडे तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. धुण्याला बाई आहे, स्वयंपाकाला बाई आहे."

"मग मी काय करू?" सुप्रियानं विचारलं.

"आराम," तो मनापासून म्हणाला.

सुप्रियाला हसू आलं. तिनं ते पदरात धरायचा प्रयत्न केला, पण ते धरवेना. "तो चाललाय हो दोन वर्षं," ती म्हणाली. "आता थोडं काम मिळालंय. तेवढं सोडून येता येणार नाही."

तो बिचारा गोंधळला, पण उठताना नमस्कार करून गेला. प्रयागबाई मात्र भिंतीला टेकून बसल्या. "मी गेल्यावर तुझं कोण गं?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या. सुप्रिया त्यांच्या शेजारी बसली. आई खोटं बोलली होती म्हणून तिला राग आला होता, आणि आई रडत होती म्हणून तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. दुपारी डॉक्टरनं येऊन बघितलं, तेव्हा फोनवर खोटं सांगितलेलं बीपी खरोखरच वाढलेलं निघालं. आज यांना एकटं सोडू नका, असं तो सांगून गेला, आणि सुप्रियाला राहावं लागलं.

त्याआधीच बारा वाजता तिनं अप्पांना फोन लावला होता. "कागद काढला का?"

"उघडून बघितलं मी. एकूण एक बी उगवलंय. तुझा हात म्हंजे हात हाय."

"ट्रे मांडले का पण?"

"तू तितली काळजी कर. हितलं माझ्यावर सोड." फोन बंद झाला.

संध्याकाळी तिनं सिंधुबाईंना फोन केला. "ते कुठलं घरी?" सिंधुबाई म्हणाल्या. "सकाळधरनं नर्सरीतच बसल्यात. लय जीव लावलाय रोपांना." हे ऐकून सुप्रियाला बरं वाटायला हवं होतं. उलट तिच्या जिवाचं पाणी झालं. अप्पांचा जीव लागला की काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शुक्रवारी दुपारी ऋषिराजनं तिला नर्सरीच्या फाटकाशी उतरवलं. अप्पा खुर्चीत उन्हाला पाठ देऊन पेंगत होते. त्यांच्या मागं ट्रेची थप्पी होती, तशीच, काळ्या कागदात. आणि कागदावर तीन वाकळा होत्या. सिंधुबाईंनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, चारी बाजूंनी नीट खोचलेल्या.

ती थबकली. चाहुलीनं अप्पा जागे झाले आणि तोंडभर हसले.

"आलीस? बघ, कशी ऊबदार ठिवल्यात. काल दहाला कागद उचलला, तर निसते पांढरे कोंब, माना वाकलेले, येवढेयेवढे. आन् वारं असं बोचरं सुटलेलं. म्हटलं, लेकरं ती. गारठ्यात उघडी कशी टाकायची? एक दिस ऊब मिळू दे, मग काढू. घरातनं वाकळा आणल्या. ही वरची वळखलीस का? अविराजची हाय, बारशाची."

सुप्रियानं अविराजची वाकळ आधी उचलली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. मग बाकीच्या दोन. मग कागद सोडला. आतून दमट वाफ आली. तिनं वरचा ट्रे उचलला, आणि खालून बारीक तुटल्याचे आवाज आले. कोंब वरच्या ट्रेच्या बुडाला जाऊन अडकले होते, दाबून वाकडे झाले होते, आणि ट्रे उचलताच त्यांच्या माना मोडत होत्या. चार-चार बोटं लांब, पांढरे, दोऱ्यासारखे. ती एकेक ट्रे उचलत गेली. तिसाव्याला थांबली आणि तिथंच मातीत बसली.

सहा हजार. आणि शेडही. तिला अप्पांवर ओरडायचं होतं, पण समोर खुर्चीवर ती बारशाची वाकळ होती. म्हातारा घरून इथवर ती खांद्यावर टाकून चालत आला असेल, हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळं राग आणखी वाढत होता.

अप्पा जवळ आले. वाकून त्यांनी एक रोप बोटानं उभं केलं. ते पडलं. त्यांनी पुन्हा उभं केलं. ते पुन्हा पडलं.

"पाणी घालू का?" ते म्हणाले.

"न्हाय अप्पा. पाण्यानं काय हुणार न्हाय."

"मग?"

"पाणी कमी पडलं असतं तरी निम्मी वाचली असती. ऊब जास्त झाली. वारं लागलं तरच देठ घट्ट हुतो. मी सांगितलं हुतं तुमाला."

"व्हय. सांगितलं हुतंस."

"दोनदा."

सुप्रियाला वाटलं आता गप्प बसावं. पण दोन वर्षं गप्प बसून झालं होतं.

"तुमी रोज इचारता, अप्पा, मला काय कमी हाय. मी काय न्हाय म्हणते. आज सांगते. वारं कमी हाय."

अप्पांच्या हातात अजून ते मोडकं रोप होतं. त्यांनी ते ट्रेमध्ये ठेवलं, मग उचलून पुन्हा हातात घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला टोपीसुद्धा डोक्यावर नव्हती.

नेमके त्याच वेळी बापूसाहेब मोटारसायकलवरून आले. टेप खिशात होता. संक्रांतीला चार दिवस अवकाश होता, पण मिसळीला दम निघत नव्हता. त्यांनी ट्रे पाहिले आणि जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "झालं का वाटोळं? मी म्हणतच हुतो अप्पा, बाईमाणसाचं काम न्हाय ह्ये. आता कुठनं मोजायला घिऊ? फाटकापासनं का हिरीपासनं?"

सुप्रियानं मान खाली घातली. ती कबूल म्हणाली होती. अप्पांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. गावानं म्हटलं असतं, पोरीनं करून बघितलं, जमलं नाही. अप्पांच्या मिशीचा केसही वाकडा झाला नसता.

"बापू," अप्पा म्हणाले, "टेप गुंडाळ. वाटोळं तिनं न्हाय केलं, मी केलंय. ह्या वाकळा बघ. माझ्या हातनं घातल्यात."

"आवं, पर ठरलं हुतं ना, खेप बिघडली तर..."

"ठरलं हुतं. माझं आन् तिचं. तिच्याकडनं बिघडली असती तर शेड तुला. बिघडवली मी. म्हंजे हरलो मी. आता शेड तिचं. मिसळ तू तुझ्या वावरात कर, खायाला मी येतो."

बापूसाहेबांनी एकदा अप्पांकडं, एकदा वाकळांकडं पाहिलं. मोटारसायकलला तीन किका मारल्या तेव्हा ती सुरू झाली.

मग उरल्या द्वारकाबाई. त्यांना सांगणं भाग होतं. अप्पा घरी जाऊन धुतलेली टोपी घालून आले, पण फाटकातच घुटमळले. "सुप्रिया," ते म्हणाले, "तूबी चल. सोबतीला. मला एकट्याला बोलायचं सुदरायचं न्हाय."

वरकुट्याला द्वारकाबाई वावरात तण दाबायचा मल्चिंगचा कागद अंथरून घेत होत्या. अप्पांनी बांधावर उभं राहून सगळं सांगितलं. दहा वाजताचं, बोचऱ्या वाऱ्याचं, वाकळांचं. काही लपवलं नाही. द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"वाकळा घातल्या?"

"व्हय."

"किती?"

"तीन."

"आन् अंगाई? ती म्हटली का न्हाय?"

अप्पा खाली बघू लागले. सुप्रियाला हसू फुटलं, मग कागद धरलेल्या बायकांना फुटलं, आणि शेवटी अप्पाही हसले, रडल्यासारखे. द्वारकाबाई म्हणाल्या, "आठ दिस मागं पडलं तर आभाळ कोसळत न्हाय. बी मातूर तुमी आणायचं, ह्याच वाणाचं. बारामतीतच मिळंल. आन् हिंदुराव, ह्या बारीला तुमी लांब बसा. लांब म्हंजे घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुप्रिया बारामतीला निघाली. साडी बदलून ती बाहेर आली, तर सिंधुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर हजर होत्या. अप्पांचा हात सवयीनं खुंटीवरच्या टोपीकडं गेला होता. राजनंदिनी दप्तर पाठीला लावून पायरीवर बसली होती आणि आळीपाळीनं तिघांकडं बघत होती.

अप्पांचा हात टोपीवर जरा वेळ राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"माझी पाठ धरलीय," ते म्हणाले.

"मग मी जाते की तिच्या संगं," सिंधुबाई म्हणाल्या. "मी तयार हाय."

"तू गेलीस तर पाठ कोण चोळणार?"

"काल सांजच्याला तर बरी हुती."

"आत्ता धरली," अप्पा म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले. सिंधुबाईंनी नवऱ्याकडं निरखून पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं स्वच्छ खोटं त्यांनी ऐकलं नव्हतं. मग त्या लुगडं बदलायला आत गेल्या.

"पिशवी घेतलीस?" अप्पांनी विचारलं.

"घेतली."

"बियाचं रिकामं पाकीट? वाण चुकंल न्हायतर."

"हाय पिशवीत."

"मग तुला आणखी काय क..." अप्पा बोलता बोलता थांबले. "जा. गाडी चुकंल."

एसटीत तोच कंडक्टर होता. त्यानं सवयीनं "तीन हाफ" म्हणून यंत्राची बटणं दाबायला घेतली, मग मान वर करून सुप्रियाच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"म्हातारा-म्हातारी मागल्या गाडीनं येणार का?"

"न्हाय. एकच हाफ द्या. बारामती."

त्यानं तिकीट फाडून दिलं. सुप्रिया खिडकीशी बसली. एवढ्या वेळा या रस्त्यानं गेली होती, पण खिडकीची जागा नेहमी अप्पांची, मळमळण्यासाठी राखीव. तिनं काच मागं सरकवली. जानेवारीचं गार वारं सरळ तोंडावर आलं, कानात शिरलं, टिकलीपर्यंत सगळं कपाळ थंड पडलं. तिला अविराजची आठवण आली, आणि नवल म्हणजे त्या आठवणीत रडू नव्हतं. तो गाडीला टेकून कुणाला तरी सांगत होता, मी नुसता लाऊडस्पीकर हाय.

लासुर्णं यायच्या आधीच फोन वाजला.

"पोचलीस का?"

"अजून लासुर्णंबी आलं न्हाय, अप्पा."

"बरं बरं. मी काय मुद्दाम न्हाय केला फोन. हात लागला." पलीकडं अप्पा खाकरले. "आवाज कसला येतोय? वारं हाय व्हय? खिडकी लावून घे पोरी, गारठा लय..."

सुप्रिया वाट बघत राहिली.

"न्हाय, राहू दे," अप्पा म्हणाले. "तुझी तू बघ."

तिनं खिडकी उघडीच ठेवली.